मुंबईत एक दिवस, सोबत आई आणि पोरं: फोर्ट-कुलाबा बरं की भायखळा-दादर?

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे हा विषय निघतोच. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई, एखादं म्युझियम, थोडं फिरणं, थोडी खरेदी आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत नाशिकरोड. परवा मेव्हण्याने विचारलं की आम्ही पण जायचं म्हणतोय तर नक्की कुठं जाऊ, आणि त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं तेच आता नीट लिहून काढतोय. दोन्ही दिवस आम्ही केलेत, दोन वेगळ्या वर्षी, पण माणसं तीच पाच: मी, बायको, मुलगी, मुलगा आणि माझी आई. आईचं वय 68, गुडघे दुखतात, पण फिरायची हौस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

एक दिवस म्हणजे सीएसएमटीला उतरून काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग गेटवे आणि शेवटी कुलाबा कॉजवेवर खरेदी. दुसरा म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, तिच्या आवारातलंच भाऊ दाजी लाड म्युझियम आणि मग दादर. तिकीट किती, कॅमेऱ्याचे किती वगैरे फोनवर दिसतं, त्यात पडत नाही.

आधी फोर्टबद्दल, आणि खरं तेच सांगतो, नुसतं म्युझियम म्हणून बघितलं तर वस्तुसंग्रहालयाला तोड नाही. सव्वादहाला उघडतं, आम्ही अकराच्या आत आत होतो आणि दीड तासात निम्मंसुद्धा बघून झालं नाही. मुलगा अकबराच्या चिलखतापुढून हलेना, बायको लघुचित्रांच्या दालनात रमली, मी खाली मूर्तींमध्ये. वर तो मोठा घुमट, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, त्याच्याखाली उभं राहून वर बघितलं की मान दुखेपर्यंत बघत राहावंसं वाटतं. मुलीला मी सांगितलं की ही इमारत आणि गेटवे दोन्ही एकाच माणसाने आखलेत, जॉर्ज विटेट, तर तिला ते इतकं आवडलं की गेटवेला गेल्यावर ती कमानी आणि जाळ्या बघून दोन्हीकडे सारखं काय आहे ते शोधत बसली. 1924 साली गेटवे खुला झाला आणि 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची तुकडी त्याच कमानीतून निघून गेली, म्हणजे बांधून पंचवीस वर्षं पण झाली नव्हती. पोरांना इतिहास असा समोर उभा करून सांगता येतो तेव्हा तो राहतो लक्षात, पुस्तकातला राहत नाही.

तर मग अडचण कुठं आली. म्युझियमच्या दारातून बाहेर पडल्यापासून ते स्टेशनला परत येईपर्यंत आईला टेकायला जागा मिळाली नाही. ऐकायला एवढीशी गोष्ट वाटते. म्युझियममध्ये होती, बाकं आहेत, बाहेर बाग आहे, तिथं ती छान बसली होती. पण बाहेर आल्यावर गेटवेपर्यंत चालत जाताना, मग तपासणीच्या रांगेत, मग आत त्या मोकळ्या फरसबंदीवर, ऊन असं की डोळे उघडत नव्हते, आणि बसायचं कुठं? पोरांना फोटो काढायचे, लाँच बघायच्या, कबुतरं बघायची, आणि आई एका हाताने पदर डोक्यावर धरून एकदा या पायावर एकदा त्या पायावर भार देत उभी. मी विचारलं तर म्हणाली मी बरी आहे, तुम्ही बघा. आपल्या आया असंच म्हणतात आणि आपण ते खरं धरून चालतो.

त्यानंतर कॉजवे. कॉजवेची खरेदी ही उभ्याने करायची खरेदी आहे, हे मला तोपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं कारण तोपर्यंत मी मित्रांबरोबर गेलेलो. फुटपाथच्या एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला स्टॉल, मधून दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट, आणि मुलीला प्रत्येक कानातल्याच्या स्टॉलवर थांबायचं. घासाघीस पण करावी लागते, 400 सांगितलेले झुमके 150 ला घेतले, त्याला दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं आई मागे रेलिंगला धरून उभी होती. शेवटी एका हॉटेलात चहा घ्यायच्या निमित्ताने बसलो, तर तिथं पण पंधरा मिनिटांत वेटर येऊन विचारायला लागला अजून काय आणू. परत येताना टॅक्सी करावी म्हटलं तर काळ्यापिवळीत चारच माणसं घेतात आणि आम्ही पाच, एकजण पोरगं आहे म्हणून सांगून बघितलं, नाही म्हणाला, आणि त्याचं बरोबरच आहे. दोन टॅक्स्या केल्या. गाडीत बसल्यावर आईने चपला काढल्या तेव्हा पाय सुजलेले दिसले. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही त्याबद्दल, आणि मला मात्र तो दिवस आठवला की अजून अकबराचं चिलखत नंतर आठवतं आणि ते पाय आधी.

आता भायखळा. जायची एक युक्ती आधी सांगतो. पंचवटी दादरला थांबते म्हणून दादरला उतरून सकाळी दहाच्या लोकलने खाली यायचा विचार करू नका, ऑफिसची गर्दी असते, म्हातारं माणूस घेऊन चढणं शक्य नाही. सीएसएमटीपर्यंत निवांत बसून जायचं आणि तिथून उलटी, कल्याणकडे जाणारी स्लो लोकल घ्यायची, त्या वेळी ती बरीच रिकामी असते आणि भायखळा तिसरंच स्टेशन. पूर्वेला बाहेर पडून चालत दहा-बारा मिनिटं. आम्ही आई, बायको आणि पोरांना टॅक्सीत बसवलं आणि मी चालत गेलो, चार माणसांचा प्रश्न तिथंच मिटला.

राणीची बाग म्हणजे हल्ली सगळ्यांना पेंग्विनच आठवतात. पेंग्विन छान आहेत, काचेमागे पाण्यात सुळकन खाली जातात तेव्हा मुलगा ओरडलाच, पण सुट्टीच्या दिवशी तिथं रांग लागते, तेव्हा आधी तेच उरकून घ्या. मला त्या बागेत आवडतात ती झाडं. 1860 च्या दशकातली बाग आहे, बाहेर लालबाग-परळकडे जाणारा रस्ता धडधडतोय आणि आत शिरलं की सावली. गोरखचिंचेचं झाड आहे, त्याचा बुंधा पोरांच्या कवेत मावत नाही. आणि बाकं आहेत, भरपूर आहेत, झाडाखाली आहेत! आईला एका बाकावर बसवलं, शेजारी परळची एक आजी होती, दोघींचं असं काही जमलं की आम्ही वाघ बघून परत आलो तरी आई उठायला तयार नाही.

भाऊ दाजी लाड म्युझियम गेटजवळच आहे. हे वस्तुसंग्रहालयाच्या मानाने फार लहान आहे, तासाभरात होतं, आणि जुन्या दगडी मूर्ती, चित्रं असं भरगच्च बघायची अपेक्षा घेऊन कोणी आलं तर त्याला कमीच वाटेल, हे मान्य. इमारत 1872 ची, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्या खटपटीतून उभी राहिलेली, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, 1975 ला भाऊ दाजींचं नाव दिलं. आत हिरवा-सोनेरी रंग, लोखंडी खांब, जाळीदार कठडे, म्हणजे इमारतच आधी बघत बसावं अशी. आणि मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या, मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीधर्माची माणसं, त्यांचे पोशाख, पगड्या, कामधंदे करणारे कारागीर. इथं गंमत अशी झाली की वस्तुसंग्रहालयात आम्ही पाट्या वाचून आईला सांगत होतो, इथं आई आम्हाला सांगायला लागली. ही पगडी कोणाची, हे लुगडं कसं नेसलंय, आमच्या गावात हा असा माणूस यायचा. मुलगी फोन खिशात ठेवून ऐकत होती. मोजमाप काही नाही याला, पण माझ्यासाठी त्या दिवसाचं पारडं तिथंच खाली गेलं.

बाहेर दोन गोष्टी चुकवू नका. एक तो दगडी हत्ती, घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलतानाच क्रेन मोडली आणि हत्ती पडून तुकडे झाले, मग ते तुकडे इथं आणून जोडले. जवळ जाऊन बघितलं तर जोड दिसतात, मुलाने बोट फिरवायला हात पुढे केला होता, मी आवरला. आणि दुसरा काळा घोडा. म्हणजे खरा काळा घोडा! आदल्या वेळी फोर्टला मुलीने विचारलं होतं की काळा घोडा काळा घोडा म्हणतात तो हाच का, तिथं आता 2017 साली बसवलेला बिनस्वाराचा घोडा आहे. मूळचा सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला आणि तो इथं राणीच्या बागेत आहे. ज्या वस्तीला त्याने नाव दिलं तिथं तो नाही आणि जिथं आहे तिथं त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

दुपारी दादर. राणीच्या बागेसमोरच्या आंबेडकर रोडवरून बेस्टची बस थेट वर हिंदमाता, दादर टीटीकडे जाते, आईला ज्येष्ठांची सीट मिळाली, खिडकीतून लालबाग-परळ बघत आली. कापड घ्यायचं असेल तर हिंदमाता आधीच लागतं. आम्ही पुढे टिळक पूल ओलांडून पश्चिमेला गेलो, आस्वादला मिसळ आणि थालीपीठ खाल्लं, आईने पियुष घेतलं, मग रानडे रोड.

आणि इथं परत तेच, बसायची सोय. साडीच्या दुकानात शिरलो तर दुकानदार माझ्याशी बोलायच्या आधी आईला म्हणाला, "या आजी, बसा," आणि पोराला हाक मारून पाणी मागवलं. आई गादीवर मांडी घालून बसली आणि पुढचा पाऊण तास तो साड्या उलगडून तिच्यापुढे टाकत होता, ती काठ बोटांत धरून उलटा करून मागची बाजू बघत होती, धागे सुटलेत का ते, आणि दोन नारायणपेठ बाजूला काढल्या. एक बायकोला, एक स्वतःला. घासाघीस झाली पण बसून झाली. झुमके मुलीला रानडे रोडवर पण मिळाले, कॉजवेसारखी व्हरायटी नव्हती, हे ती अजून ऐकवते.

दादरच्या बाजूने सगळंच बरं आहे असं नाही. संध्याकाळी पाचनंतर स्टेशनबाहेर जी गर्दी होते त्यात पिशव्या आणि पोरं सांभाळणं कठीण, आम्ही साडेचारलाच खरेदी आवरली आणि थोडा वेळ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो. पंचवटी दादरला येते पण जेमतेम थांबते, सीएसएमटीसारखं निवांत सामान लावून बसता येत नाही, तेव्हा तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन दादर टाकायचं आणि आपला डबा कुठं येतो ते आधी विचारून तिथंच उभं राहायचं. वार पण बघा, बाग आणि म्युझियम बुधवारी बंद असतात, दादरची बरीच दुकानं सोमवारी. फोर्टला ही कटकट कमी, कॉजवे तर रोज चालूच.

कोणी म्हणेल की आता मेट्रो तीन झाली, सीएसएमटीहून हुतात्मा चौक एकच स्टेशन, मग फोर्टला चालणं कुठं राहिलं. बरोबर आहे, आम्ही गेलो तेव्हा ती नव्हती, आता सकाळचं चालणं वाचेल. पण गेटवेचं ऊन आणि कॉजवेचं उभं राहणं काही मेट्रोने कमी होत नाही. पोरं मोठी असतील, घरातलं कोणी गुडघ्यांनी बेजार नसेल आणि म्युझियम हाच मुख्य हेतू असेल तर मी पण फोर्टच सांगेन, वस्तुसंग्रहालयाला अख्खा दिवस द्या आणि कॉजवे सोडूनच द्या. ज्याची त्याची आवड असते.

मेव्हण्याच्या घरी मात्र सासूबाई 72 च्या आहेत आणि धाकटी पाच वर्षांची. त्याला मी राणीची बागच सांगितलं. आणि सासूबाई जाणार हे कळल्यावर आमची आई म्हणाली मी पण येते, ती साडीच्या दुकानदाराने दाखवलेली तिसरी, जांभळ्या काठाची, ती घ्यायची राहिलीय. म्हणजे आता सात जण झालो. तिकिटं गुरुवारची काढलीत, परतीची दादरहून.