रेल्सचं (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) एरर रिपोर्टर वापरून पाहिलं, मनापासून आवडलं

आमच्या जुन्या कोडमध्ये जिथेतिथे रेस्क्यू (चूक पकडणारा कोड) लिहून ठेवलेला, खाली फक्त एक लॉगची ओळ आणि निल (म्हणजे रिकामं मूल्य) परत. प्रॉडक्शनला, म्हणजे लाइव्ह साइटवर, ठीक आहे हो, ग्राहकाला पान तरी दिसतं, पण डेव्हलपमेंटलाही तीच चूक गपचूप गिळली जायची आणि ती कळायची थेट लाइव्ह गेल्यावर, तीही कुणीतरी तक्रार केली की. मग प्रत्येक ठिकाणी "प्रॉडक्शन नसेल तर रेझ कर" (म्हणजे चूक पुढे फेक) अशी इफ टाकायचो, सगळीकडे तेच तेच, अगदी जीव जायचा.

एरर रिपोर्टर, म्हणजे चुका एका ठिकाणाहून कळवायची सोय, रेल्स ७.० पासून आहे. त्यातली हँडल ही मेथड चूक कळवून गिळते, रेकॉर्ड कळवून परत पुढे फेकते. पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ७.२ मध्ये आलेलं अनएक्स्पेक्टेड. प्रॉडक्शनमध्ये चूक रिपोर्ट होते आणि काम पुढे चालू राहतं, डेव्हलपमेंट आणि टेस्टमध्ये मात्र सरळ एक्सेप्शन (चूक) उडतं, तेही वेगळ्या क्लासमध्ये गुंडाळून, म्हणजे वरच्या एखाद्या रेस्क्यूने ते चुकून पकडू नये म्हणून. किती विचार करून केलंय बघा!

एक मात्र लक्षात ठेवा, सबस्क्रायबर (रिपोर्ट घेऊन पुढे पाठवणारा कोड) जोडलेला नसेल तर रिपोर्ट कुठेच पोचत नाही, म्हणजे हँडल लावून चूक नुसती गिळलीच जाते, तेव्हा आधी तो जोडा. आणि हँडलला फॉलबॅक (चूक झाली तर परत द्यायचं पर्यायी मूल्य) द्या, नाहीतर निल येतं आणि पुढची ओळ फुटते. मी तर नवीन कोडमध्ये नुसता रेस्क्यू लिहिणं बंदच केलंय.