टेक्का सेंटर, सिंगापूर: खिसा सांभाळून पोटभर
लिटल इंडिया एमआरटी (मेट्रो) स्टेशनातून बाहेर पडलं की टेक्का सेंटर, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सचं मार्केट, लगेच दिसतं. मी आणि मैत्रीण, पाठीवर अवजड सॅक, पोटात कावळे. दम बिर्याणीची रांग हलता हलेना, म्हणून मी रोटी प्राटा (इथला पराठा) घेतला: कडा करकरीत, आत पापुद्रे सुटलेले, सोबत माशाची झणझणीत करी. मैत्रीण शाकाहारी, तिला मसाला डोसा मिळाला. तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) मात्र गोडमिट्ट! शेजारी चिनी आजोबा नूडल्स भुरकत होते. टेबलावर टिशूचं पाकीट दिसलं तर बसू नका, जागा धरलेली असते. ट्रे स्वतः परत ठेवायचा. २०२१पासून तसं न केल्यास कारवाई होते. एसी नाही, दुपारी घामाघूम व्हाल. सकाळीच जा, त्याच मजल्यावर मासळीबाजारही असतो.