सिमसिटी 4, आठ महिन्यांनंतर: टॉवर का येत नव्हते आणि मग कसे आले

गेल्या जूनमध्ये सेल लागला होता तेव्हा सिमसिटी 4 या शहर वसवायच्या संगणक गेमची डिलक्स आवृत्ती घेतली. म्हणजे 2003 चा मूळ गेम आणि त्याच वर्षी आलेलं रश अवर हे एक्स्पान्शन, म्हणजे त्याला जोडायची पुरवणी, दोन्ही एकत्र. तेव्हापासून रात्री जेवणं आटोपली की तासभर, शनिवार-रविवारी जरा जास्त, असा खेळतोय. पहिले तीन महिने माझ्या शहरात चार मजल्यांच्या वर काही चढेना. गडद हिरवा, म्हणजे दाट घरांचा झोन टाकला, वाट पाहिली, पाडलं, पुन्हा टाकला. आज त्याच शहरात नदीकाठी टॉवरची रांग उभी आहे. मधल्या काळात काय काय उमगलं ते नव्याने खेळणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

आधी गेमची रीत. इथे घरं आपण बांधत नाही. आपण जमीन झोन करतो, म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने ते आखून देतो, रस्ता, वीज, पाणी पुरवतो. तिथे कोण येणार आणि किती उंच बांधणार ते गेम ठरवतो. घनतेच्या तीन पातळ्या, रहिवाशांचे गरीब, मध्यम आणि श्रीमंत असे तीन वर्ग, आणि घरं, दुकानं, ऑफिसं यांच्या इमारतींचे 8 टप्पे. जास्त घनतेचा झोन टाकला की वरच्या टप्प्यांना परवानगी मिळते, एवढंच. ती वापरायला माणसं यावी लागतात, आणि शहराची लोकसंख्या वाढत जाते तसेच वरचे टप्पे उघडतात. मी मात्र तिजोरीत पैसे आले की सगळीकडे महागडा दाट झोन ओतत होतो. पैसे गेले आणि त्या जमिनीवर बैठी घरंच आली. सुरुवात कमी किंवा मध्यम घनतेने करा, दाट झोन नंतर टाकता येतो.

पाण्याचं थोडक्यात: पाइप पोचला नाही तर कमी घनतेपलीकडे काही उगवत नाही. पाण्याचा नकाशा उघडून बघा, माझी अख्खी पूर्वेची वस्ती कोरडी निघाली होती.

प्लॉटचं मात्र नीट समजून घ्या. झोन ओढताना जमिनीवर प्लॉटच्या सीमा आणि त्याचं तोंड कुठल्या रस्त्याला आहे ते दाखवणारे बाण दिसतात. मोठ्या इमारतींना 3×3, 4×4 असे ऐसपैस प्लॉट लागतात. मी गल्ल्या इतक्या जवळजवळ आखल्या होत्या की दोन गल्ल्यांच्या मध्ये दोनच चौकटी उरत होत्या. तिथे मोठा टॉवर मावणार कुठे? एक अख्खा चौक मोडून परत आखला. सुंदर जुनी घरं पाडताना जीव तुटला, पण इलाज नव्हता.

आता खरी गोष्ट. पाणी होतं, प्लॉट मोठे होते, शाळा, दवाखाना, बागा सगळं होतं, घरांना किती मागणी आहे ते दाखवणारा हिरवा खांब वर होता. तरी नदीच्या उत्तरेला एका कोपऱ्यातल्या प्लॉटवर एक तीन मजली चाळवजा इमारत ठाण मांडून बसली होती. तिच्यावर माझा डोळा होता. चित्त्याच्या वेगाने (गेममध्ये कासव, गेंडा आणि चित्ता असे तीन वेग आहेत) वर्षांमागून वर्षं पळवली, ती हलली नाही. मग रश अवरमधलं मार्ग दाखवणारं साधन वापरलं. इमारतीवर क्लिक केलं की तिथली माणसं कामाला कुठून कशी जातात ते बाणांनी दिसतं. बघितलं तर सगळे बाण एकाच पुलावर! अख्खी उत्तर वस्ती त्या एका पुलावरून दक्षिणेच्या कारखान्यांकडे जात होती. पूल नकाशावर लालभडक. कामावर पोचायला लागणारा वेळ इतका वाढला होता की जागेची पसंतीच घसरली होती. शहरात यायला लोक तयार होते, त्या कोपऱ्यावर राहायला कुणी तयार नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नदीखालून भुयारी रेल्वे काढली, कोपऱ्यापासून दोन चौकटींवर स्टेशन दिलं, कारखान्यांजवळ दुसरं. उत्तरेलाच थोडा निळा, म्हणजे दुकानं-ऑफिसांचा झोन टाकला, म्हणजे काहींचं काम पायी अंतरावर आलं. गेममधलं दीड-दोन वर्ष गेलं. एके रात्री ती चाळ गेली, जागी परांची उभी राहिली आणि ती चढतच गेली. मी वेग कासवावर आणून बघत बसलो. आतून हाक आली तरी उठलो नाही.

दुसरं कळलं ते आसपासच्या गावांबद्दल. नकाशा हा एका मोठ्या प्रदेशाचा तुकडा असतो. तुकडे 1, 2 किंवा 4 किलोमीटर बाजूचे. माझं शहर मधल्या आकाराचं. मी बाकीचे तुकडे रिकामे ठेवून एकालाच घासत होतो. शेजारच्या तुकड्यात कारखान्यांचं गाव वसवलं, रस्ता आणि रेल्वे जोडली, आणि मूळ शहरातले धुराचे कारखाने हळूहळू तिकडे गेले. हवा सुधारली तशी श्रीमंत वर्गाची मागणी वाढली. आपण खेळत नसताना शेजारचं गाव आहे त्या तारखेला थांबून राहतं, म्हणून आलटून पालटून खेळावं लागतं. एक धोका सांगतो: गावांच्या जोडण्या सीमेवर फार जवळजवळ दिल्या की प्रवासी एका गावातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात असे फिरत राहतात, कामाला पोचतच नाहीत. माझ्या एका गावात असा गुंता झाला होता. एक जोडणी तोडल्यावर सुटला.

मागणीला छतही असतं. घरांचं छत बागा आणि करमणुकीच्या जागांनी वर सरकतं, ऑफिसांचं विमानतळाने आणि शेजारच्या गावांशी असलेल्या जोडण्यांनी. विमानतळ परवडत नाही म्हणून मी टाळत होतो. लहान धावपट्टी टाकली आणि ऑफिसांचा अडलेला खांब पुन्हा चढला. दुकानांना वाहती रहदारी आवडते, घरांना तिचा आवाज खपत नाही. म्हणून ऑफिसं मोठ्या रस्त्यावर आणि घरं एक गल्ली आत, हे माझं ठरून गेलं आहे. शिक्षणाचं फळ मात्र उशिरा येतं, पिढी मोठी व्हावी लागते. तिथे घाई करून शाळांचा निधी कापू नका.

टॉवर आला म्हणजे टिकला असंही नाही. माझे दोन आलिशान टॉवर नोकऱ्या कमी पडल्यावर श्रीमंतांनी सोडले आणि त्यात गरीब कुटुंबं दाटीने राहायला आली. इमारत तीच, रया गेलेली. आवडती इमारत वाचवायची असेल तर तिच्या माहितीच्या चौकटीत ऐतिहासिक म्हणून खूण करायची सोय आहे, मग तिच्या जागी नवीन बांधकाम होत नाही. मी घाटाजवळच्या पाच जुन्या घरांना ती केली आहे. आमची स्वतःची सोसायटी सध्या पुनर्विकासाला गेली आहे, त्यामुळे ती खूण करताना जरा जास्तच बरं वाटलं.

तांत्रिक बाजू. गेम जुन्या काळचा, प्रोसेसरमध्ये एकच कोअर (काम करणारा भाग) असलेल्या संगणकांसाठी बनलेला. माझ्या लॅपटॉपवर मोठं शहर झालं की बंद पडायचा. एकाच कोअरवर चालवण्याची लाँच सेटिंग टाकल्यावर थांबलं. आपोआप सेव्ह होत नाही, दर वीस मिनिटांनी हाताने करा. चाहत्यांनी बनवलेलं नेटवर्क अ‍ॅडऑन मॉड (मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोड) फुकट मिळतं, ते घालाच. त्यात माणसं रस्ते शहाणपणाने निवडतात आणि वर सांगितलेली निम्मी डोकेदुखी कमी होते. पण पहिले काही आठवडे त्याच्याशिवाय खेळा, म्हणजे ते नेमकं काय सुधारतं ते कळेल.

ज्यांना पटकन चकचकीत शहर हवं त्यांना हा गेम जड जाईल. आकडे वाचायची, नकाशे उलटून बघायची आवड असेल तर बिनधास्त घ्या. माझे अजून दोन तुकडे रिकामे आहेत. पूर्वेच्या तुकड्यात कालच शेतीचा झोन टाकून रेल्वेची एक फांदी नेली, आता त्या बाजूच्या मागणीकडे लक्ष ठेवून आहे.