पुरानंतर येणाऱ्या 'केमिकल कोटिंग'वाल्यापासून सावध रहा

परंडा तालुक्यात सीनेकाठी माझी सासरवाडी. सप्टेंबर २०२५ च्या पुरात घरात कंबरेएवढं पाणी होतं, ते ओसरलं, गाळ काढून होतोय न होतोय तोच एक जण बाईकवर हजर, गळ्यात आयकार्ड, हातात ओल मोजायचं मीटर. सासऱ्यांना म्हणला, "मामा, भिंत वाळलीय, आता कोटिंग नाही मारलं तर बुरशी आतून खाईल." मीटर लावून दाखवलं, आकडा खरंच कमी आला. पण लावलं कुठं, तर पाण्याच्या खुणेच्या पार वर, छताजवळ! खाली एकदाबी टेकवलं नाही.

स्क्वेअर फुटाला ८५ रुपये, निम्मे ॲडव्हान्स फोनपेवर, तेबी तिसऱ्याच कुणाच्या नावावर. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं 'पाच वर्षे गॅरंटी' लिहून दिलं (वाचून हसावं का रडावं). ड्रमला लेबल नाही. पोरांनी वरवर घासलं, पुट्टी ओढली, चकचकीत थर मारला अन् राहिलेले पैसे घेऊन गेले. दिवाळी झाली की भिंतीला फुगे, मग पोपडे, कपाटामागं काळी बुरशी, घरभर कुबट वास. आता फोन स्विच ऑफ.

गावातल्या गवंड्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, वीट पाणी पिऊन बसलेली असती, वाळायला महिने लागतेत, वरून तोंड बंद केलं की आतली ओल क्षार घेऊन थराला ढकलती. अन् बुरशीवर रंग मारून ती मरत नसती. तपासायला मीटरबी लागत नाही, प्लास्टिकचा तुकडा खुणेच्या खाली चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, दोन दिवसांनी आत थेंब दिसले तर भिंतीला रंग-पुट्टी काहीच लावू नका.

मला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा. पंचनाम्याच्या आधीच त्यानं पाण्याची खूण घासून काढली, मागच्या भिंतीची तडबी पुट्टीखाली बुजवली. तलाठी आले तर भिंत नवी कोरी! पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला शासनाचे ६५०० रुपये, तेबी गेले असते. मेव्हण्याच्या मोबाईलात पाणी उतरल्या दिवशीचे फोटो होते म्हणून नाव यादीत लागलं.

सध्या खालचं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून टाकलंय, उन्हाळाभर तसंच ठेवणार, मग चुना. फोनपेचा ट्रान्झॅक्शन नंबर जोडून पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय. भूम-परंड्याकडं अजून कुणाकडं असा मीटरवाला येऊन गेला असेल तर तुमचाबी अर्ज द्या, एकाच घरची तक्रार म्हणून आमचा कागद तसाच पडलाय.