मसाल्याच्या ऑर्डरीसाठी बटणांचा बॉट घेतला, त्याबद्दल

बटणं उत्तम, बॉट (गिऱ्हाइकाच्या मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) यथातथा. घाईत असाल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल.

सांगलीत विश्रामबागला माझा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. कांदा लसूण मसाला, मेतकूट, हळद. मार्च ते मे कांडपाचे दिवस, हात तिखटात आणि फोन सारखा वाजतोय. "काकू, दोन पाठवा." दोन काय? पावशेरची दोन पाकिटं का दोन किलो? कुणी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितं, कुणी नुसता व्हॉइस मेसेज टाकतं आणि त्यात मागं कुकरची शिट्टी. आधी एक बॉट घेतला होता, तो असला मजकूर वाचून अंदाज बांधायचा. "मेतकूट संपलं का ओ?" असं विचारलं की मेतकुटाची ऑर्डरच धरायचा.

आता घेतलाय तो इथल्याच एका पोराकडून, व्हॉट्सॲपवर चालणारा. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. ह्यात उत्तराच्या खाली बटणं येतात: "पाव किलो", "अर्धा किलो", "एक किलो". गिऱ्हाइकाला दिसतं ते "अर्धा किलो", पण दाबल्यावर मशीनकडं जातो तो आम्ही आधी ठरवून ठेवलेला कोड. अंदाजाचा प्रश्नच मिटला. शिवाय वरचे शब्द कितीही बदला, आतला कोड तोच राहतो, त्यामुळं हिशेबाला धक्का लागत नाही. पोरानं शेवटच्या बटणावर "ऑर्डर निश्चित करा" लिहिलं होतं. माणसं तिथवर यायची आणि थांबायची. मी ते "होय, पाठवा" करायला लावलं, तशी धडाधड दाबायला लागली. असल्या गोष्टी प्रोग्राम लिहिणाऱ्याला सुचत नाहीत, गल्ल्यावर बसणाऱ्याला सुचतात.

आता मर्यादा. व्हॉट्सॲपवर एका मेसेजखाली तीनच बटणं देता येतात, आणि एका बटणावर 20 अक्षरं. ही 20 आपल्या डोळ्यांनी मोजायची नाहीत. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, मधली मोकळी जागा, सगळं वेगवेगळं धरतात. "कांदा लसूण मसाला अर्धा किलो" हे आपल्याला बारा अक्षरांचं वाटतं, तिथं ते 27 भरतं आणि बसत नाही. "कांदा लसूण मसाला" 16, ते बसतं. म्हणून आधी माल विचारायचा, मग वजन. तीनपेक्षा जास्त पर्याय असतील तर यादी उघडणारा मेसेज मिळतो, त्यात दहापर्यंत ओळी आणि प्रत्येक ओळीखाली 72 अक्षरांचं वर्णन. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं ते मी आधी तिथं घातलं होतं, पुण्याची मंडळी हमखास विचारतात. पण यादी उघडायला एक टिचकी जास्त लागते, आणि वयस्कर बायका तिथं अडकतात. म्हणून आता मी यादी फक्त गावासाठी ठेवलीय: सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा वगैरे.

तीन बटणं कमी वाटतात खरी, पण त्यातलं एक मी पहिल्याच मेसेजमध्ये "काकूंशी बोला" ह्याला दिलंय. पोराचा विरोध होता. "मग बॉटचा उपयोग काय, काकू?" त्यानं ते तिसऱ्या पायरीवर दडवलं होतं. मी हटले नाही. लग्नाची मोठी ऑर्डर, डॉक्टरांनी तिखट कमी करायला सांगितलंय, मागच्या डब्यात खडा निघाला, असलं सगळं बटणात कोंबता येत नाही. आणि गंमत म्हणजे ते बटण समोर असलं की लोक ते कमीच दाबतात. दडवलं होतं तेव्हा सगळे सरळ फोनच करायचे.

पावसाळ्यात तिसरं बटण बदलते. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की मसाल्याआधी "पार्सल निघणार का?" हाच प्रश्न येतो. मग तोच प्रश्न बटणावर घालते. हे बदलायला कुणाची मंजुरी लागत नाही. गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तास आपण हवी ती बटणं पाठवू शकतो, आणि नोव्हेंबर 2024 पासून अशा उत्तरांना मेटा (व्हॉट्सॲपची कंपनी) पैसे लावत नाही. 24 तास उलटले की मात्र मेटाकडून आधी मंजूर करून घेतलेला मेसेजचा साचाच पाठवावा लागतो.

तक्रारी दोन. नेट हळू असलं की माणूस बटण दोनदा दाबतो, आणि सुरुवातीला दोन ऑर्डरी पडायच्या. मिरजेच्या एका बाईंकडं डबल माल गेला, त्यांनी बिचाऱ्यांनी ठेवून घेतला म्हणून निभावलं. दुसरी जास्त त्रासाची: बटणं गप्पांमध्ये तशीच पडून राहतात. वर सरकवून कुणी उन्हाळ्यातलं जुनं बटण दाबलं, तर जुन्याच भावानं ऑर्डर पडायची. माझा भाचा म्हणतो टेलिग्रामवर पाठवलेला मेसेजच बदलून बटणं काढून टाकता येतात. असेल, पण माझं गिऱ्हाईक टेलिग्रामवर नाही, त्याला काय करू? शेवटी पोरानं बटणाच्या कोडमध्ये तारीख घातली. आता जुनं दाबलं की "भाव बदललाय, नवा बघा" असं येतं. सांगितल्यावर केलं, पण सांगावं लागलं.

व्हॉइस मेसेजचं अजून काही नाही. आला की बॉट परत तीच तीन बटणं पुढं करतो, लोक वैतागतात.

पुढचा हंगाम हाच ठेवतेय. पाचपैकी साडेतीन. कुणी असलं काही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी त्यांच्यासमोर बसून एक बटण दोनदा दाबा, मग वर जाऊन जुनं एक दाबा, आणि काय होतं ते बघा.