तिथेच राहावं, कंपनी बदलावी की क्षेत्रच बदलावं?

वर्षाला ४ लाखांवर सुरुवात करणारे दोघे धरू. पहिला दहा वर्षं एकाच कंपनीत राहतो. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर तो ८.६४ लाखांवर पोचतो. दुसरा तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या वर्षी कंपनी बदलून ३० टक्के वाढ घेतो आणि बाकीची वर्षं तेच ८ टक्के. त्याचा पगार १५ लाखांवर जातो. टक्के गृहीत धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा. पण एकदा पाया उंचावला की पुढची प्रत्येक वाढ मोठ्या रकमेवर मिळते, हे कुठल्याही आकड्यांनी बदलत नाही.

राहणाऱ्याला ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते. कायम नोकरीत त्यासाठी सलग ५ वर्षं लागतात. शेवटचा मासिक बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ३६,००० बेसिकवर दहा वर्षांचे सुमारे २.०८ लाख होतात. दर तीन वर्षांनी कंपनी सोडणाऱ्याला शून्य. तरीही दोघांच्या दहाव्या वर्षाच्या पगारातच ६.४ लाखांचा फरक आहे, म्हणून निव्वळ ग्रॅच्युइटीसाठी अडकून राहू नका. साडेचार वर्षं झाली असतील तर मात्र सहा महिने कळ काढा.

३० टक्के वाढ खरी किती, हे सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च) फोडल्याशिवाय कळत नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा बदलता भाग) हे सगळं बहुधा त्यातच धरलेलं असतं. व्हेरिएबल शून्य धरून दर महिन्याला हातात येणारा पगार जुन्याशी ताडून पाहा. जॉइनिंग बोनस पगारवाढीत मोजू नका. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत द्यावा लागेल, असं कलम बहुतेकदा असतं.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुना पगार आणि टीडीएस (पगारातून आधीच कापलेला कर) नव्या एचआरला कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी करवजावट) आणि कमी कराचे खालचे स्लॅब वेगवेगळे धरतात आणि रिटर्न भरताना एकरकमी कर अंगावर येतो. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) ट्रान्सफर करा. एकूण सेवा ५ वर्षांहून कमी असताना काढलेल्या पीएफवर कर लागतो. शिवाय पीएफसोबतच्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचे पैसे काढले की तोवरची सेवा पुसली जाते. ट्रान्सफर अडते ती बहुतेक वेळा जुन्या कंपनीने तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख न भरल्यामुळे किंवा आधारवरचं नाव न जुळल्यामुळे.

क्षेत्र बदलण्याचं गणित वेगळं. चाकणला ७ लाखांवर असलेला मेकॅनिकल इंजिनिअर ५.५ लाखांवर एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये (यंत्रांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) गेला, असं धरा. तिथे दरवर्षी १८ टक्के वाढ मिळाली आणि जुन्या जागी ८ टक्केच मिळाली असती, तर चौथ्या वर्षी त्याचा पगार पुढे जातो. एकूण कमाईची बरोबरी व्हायला सहावं वर्ष उजाडतं. तिशीच्या आत हे जरूर करावं. पंचेचाळिशीत गृहकर्जाचा हप्ता चालू असेल, तर आधी आहे त्याच कंपनीत नव्या कामाच्या विभागात बदली मागा. पगार न घटता अनुभव मिळतो.