एक उभा, एक आडवा
माझे दोन्ही गुडघे बरीच वर्षं दुखतात, उजवा जास्त. चढायला एकवेळ जमतं, पण जिना उतरताना कठडा सोडता येत नाही. एक्स-रे पाहून हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "उजवा चौथ्या श्रेणीत गेलाय, हाडाला हाड लागतंय. सांधा बदलायचं मनावर घ्या." ऑपरेशन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन वर्षं मी चालढकल केली आणि त्या चालढकलीतच गुडघ्यात मूळपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी बनू शकतात अशा पेशी) टोचणाऱ्या या लोकांच्या हाती लागले.

दवाखाना चकचकीत होता. समोर बसलेल्या बाई पांढऱ्या कोटात होत्या, त्यामुळे मी त्यांना डॉक्टर समजले. त्या डॉक्टर नाहीत हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं. त्यांनी समजावलं ते असं: पोटाची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी गुडघ्यात टोचायच्या. मग झिजलेली गादी आपोआप भरून येते. "तुमचीच चरबी, ताई. अपाय होईलच कसा?" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी दोन एक्स-रे दाखवले, कुणा एका रुग्णाचे, उपचाराआधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा. पहिल्यात हाडं एकमेकांना टेकलेली, दुसऱ्यात मधे छान फट. मी तिथेच विरघळले. त्या दोन्हींचे फोटो मोबाइलवर काढून घेतले, घरी दाखवायला. एवढी एकच शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून झाली, तीही नकळत. सवलत त्या दिवसापुरतीच होती, त्यामुळे घरी विचारायच्या आधीच मी सही करून मोकळी झाले होते. संमतीपत्रात ‘प्रायोगिक’ असा शब्द होता. तो मी वाचला तेव्हा पोटाला पट्टा बांधून घरी पडले होते.

चरबी काढणं हे ऐकताना वाटतं तितकं किरकोळ नसतं. आधी पोटात बधिर करणारं पाणी भरतात, मग जाड पोकळ सुई आत-बाहेर फिरवत चरबी ओढतात. पोट दहा-बारा दिवस काळंनिळं होतं. पेशींचा आकडा लिहिलेला एक कागदही मिळाला, कोट्यवधी वगैरे. चरबीतून निघालेल्या त्या मिश्रणात रक्तातल्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशीही भरपूर असतात, खऱ्या मूळपेशी त्यात थोड्याच, हे त्या कागदावर कुठेही नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. जवळजवळ दोन महिने. त्या आनंदात मी त्यांना व्हिडिओही करू दिला. तिसऱ्या महिन्यात दुखणं होतं तिथे परत आलं. फोन केला तर म्हणाले, "एक डोस अजून लागेल."

तेव्हा मान खाली घालून जुन्या डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. मोबाइलवरचे ते दोन एक्स-रे त्यांनी मोठे करून पाहिले आणि म्हणाले, "ताई, हा पहिला उभं राहून काढलाय आणि हा दुसरा झोपवून." पायावर भार असताना हाडं जवळ येतात, आडवं झाल्यावर भार जातो आणि तीच फट मोठी दिसते. गादी तसूभरही भरलेली नसली तरी. झीज मोजायची तर दोन्ही वेळा उभ्यानेच एक्स-रे काढावा लागतो. एवढी साधी गोष्ट, पण ती माहीत नसण्यावर त्यांचा सगळा धंदा उभा होता.

मग बरं का वाटलं होतं? सांध्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी बऱ्याच जणांना काही आठवडे आराम वाटतो, असं डॉक्टर म्हणाले. हे दुखणं मुळात कमीजास्त होत राहतं आणि आपण उपचाराला धावतो ते ते शिगेला पोचल्यावर. शिवाय सुईनंतर मी पंधरा दिवस जिन्याकडे फिरकलेही नव्हते.

चरबीत मूळपेशी असतात हे खोटं नाही. 2001 साली संशोधकांनी त्या वेगळ्या करून दाखवल्या आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून कूर्चेसारख्या, म्हणजे सांध्यातल्या त्या गादीसारख्या, पेशी तयार करता येतात. पण बशीत जे होतं ते भार झेलणाऱ्या, रक्तपुरवठा नसलेल्या झिजक्या कूर्चेत होईलच असं नाही. 2023 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी आली. सुमारे पावणेपाचशे रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशी साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी ताडून पाहिल्या होत्या, त्यात ही चरबीतली पेशीही होती. वर्षभराने वेदनेत एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. अमेरिकेचं औषध नियामक खातं अशा वेगळ्या केलेल्या पेशींना औषधच मानतं आणि 2024 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही तेच धरलं. म्हणजे ‘तुमचीच चरबी’ म्हटल्याने पुरावा देण्यातून सुटका होत नाही.

कुणी हे सुचवलंच तर विचारा, ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक दाखवा, नैतिकता समितीची मंजुरी दाखवा. आणि प्रयोग असेल तर त्याचे पैसे माझ्याकडून का? माझ्या श्रेणीच्या गुडघ्याला काय फरक पडेल, हेही कागदावर लिहून मागा. माझ्या वेळी एवढं विचारलं असतं तरी त्या बाईंची सवलत संपली असती.

तो व्हिडिओ काढून टाका असं मी दोनदा कळवलं. अजून तो नव्या लोकांना दाखवतात. त्यात मी हसत हसत जिना चढतेय. उतरताना मला दाखवलेलं नाही.